रात्रपाळीच्या माणसाला धर्मशास्त्र नको आहे काय?

पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली ‘रेरुम नोवारुम’ हे कामगारांच्या स्थितीविषयीचे विश्वपत्र प्रसिद्ध केले. श्रम करणाऱ्या माणसाला न्याय्य वेतनाचा, विश्रांतीचा आणि संघटनेचा हक्क आहे, हे ख्रिस्तसभेने त्या पत्रातून अधिकारवाणीने जगाला सांगितले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८९३ मध्ये, त्याच पोप महोदयांनी कँडी येथे पेपल सेमिनरीची स्थापना केली. भारताच्या तारणाची सेवा भारताच्याच पुत्रांच्या हातून घडावी, हा त्यामागील हेतू होता. १९५५ मध्ये ते गुरुविद्यालय कँडीहून पुण्यास आले आणि नगर रस्त्यावर रामवाडीला स्थिरावले. शेजारी ज्ञानदीप विद्यापीठ आहे. भारतभरातील शेकडो धर्मगुरूंनी तेथे तत्त्वज्ञानाचे आणि धर्मशास्त्राचे धडे घेतले आहेत.

रामवाडीहून त्याच रस्त्याने पूर्वेकडे दहाएक किलोमीटर गेले की वाघोली लागते. एके काळी हे दगडखाणींचे आणि खडी फोडणाऱ्या क्रशरचे गाव. जून २०२१ च्या अखेरीस ते पुणे महानगरपालिकेत आले. आज तेथे उंच गृहसंकुले आहेत, गोदामे आहेत, आणि त्यांच्या सावलीत पत्र्याच्या खोल्या आहेत. पुढे लोणीकंद, सणसवाडी, शिक्रापूर आणि रांजणगावचे कारखाने. मागे खराडीची संगणक कार्यालये. या पट्ट्यातील माणूस घड्याळाने नव्हे, तर पाळीने जगतो. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी. त्या पाळ्यांत आपलीही माणसे आहेत. राहुरी, श्रीरामपूर, संगमनेर, शेवगाव या भागांतून पोटापाण्यासाठी आलेली कॅथलिक कुटुंबे आहेत. कोणी यंत्रावर उभा आहे, कोणी गाडी चालवितो, कोणी सोसायटीच्या दारावर रखवाली करतो, कोणी भगिनी रुग्णालयात रात्र जागवते, तर कोणी चार घरची धुणीभांडी करते.

एकाच पोपने दोन वर्षांच्या अंतराने हाती घेतलेली ही दोन कार्ये: एक कामगारासाठी, दुसरे धर्मसेवकाच्या शिक्षणासाठी. ती दोन्ही आज एकाच रस्त्याच्या दोन टोकांना आहेत. मार्च २०२४ पासून मेट्रोदेखील रामवाडीपर्यंत येऊन पोहोचली. पण कामगार आणि धर्मशास्त्र यांची गाठ वर्गाच्या दारात काही अजून पडलेली नाही. ती का पडत नाही, आणि ती न पडण्यात कोणाचे भले आहे, हाच या लेखाचा प्रश्न आहे.

प्रथम गैरसमज दूर करतो. धर्मगुरूंचे शिक्षण तोकडे करावे, असे माझे म्हणणे नाही. ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायदेसंहितेचा २५० वा नियम पुरोहितपदासाठी तत्त्वज्ञानाची दोन आणि धर्मशास्त्राची चार, अशी किमान सहा पूर्ण वर्षे मागतो. ती मागावीतच. मीही तीच वाट चाललो आहे आणि तिचे मोल जाणतो. ब्रह्मचर्याचे व्रत घेणाऱ्या तरुणाला घरापासून दूर, प्रार्थनेच्या आणि अभ्यासाच्या वातावरणात घडविणे आवश्यक आहे. प्रश्न त्या तरुणाचा नाही. प्रश्न आहे तो चाळिशीतल्या विवाहित माणसाचा, ज्याला देवाच्या शब्दाची तहान आहे, ज्याच्या शब्दाला वस्तीत वजन आहे, मयताच्या घरी जो सर्वांच्या आधी पोहोचतो, आणि ज्याला आपण आजवर एकच उत्तर देत आलो आहोत: “तू गायनमंडळात ये, खुर्च्या मांड, दानपेटी फिरव. शास्त्र आमच्याकडे राहू दे.”

हे उत्तर इतक्या स्पष्ट शब्दांत कोणी देत नाही, हे खरे. ते वेळापत्रकातून दिले जाते. धर्मशास्त्राचे मुख्य अभ्यासक्रम दिवसा भरतात, ते पूर्णवेळ असतात आणि इंग्रजीतून चालतात. तेथे धर्मभगिनी शिकतात, काही प्रापंचिकही शिकतात. दारावर ‘कामगारांना प्रवेश नाही’ अशी पाटी कोणी लावलेली नाही. परंतु ज्याचा एक दिवसाचा खाडा म्हणजे एका दिवसाची चूल, त्याला सकाळी नऊच्या वर्गाचे दार उघडे असले काय आणि बंद असले काय! मुंबईत गोरेगावच्या सेंट पायस कॉलेजात प्रापंचिकांसाठी धर्मशास्त्राचा पदविका अभ्यासक्रम चालत आला आहे, ही कौतुकाची गोष्ट आहे. पण तोही इंग्रजी जाणणाऱ्यांच्या सोयीचा. मराठीत विचार करणाऱ्या, मराठीत रडणाऱ्या आणि मराठीत प्रार्थना करणाऱ्या श्रमिकाने जावे कोठे?

त्याने थोडे मागे वळून पाहिले, तर त्याला एक विलक्षण गोष्ट दिसेल. ज्या धर्माचे शास्त्र त्याच्यापासून दूर ठेवले गेले, तो धर्म कामगारांच्याच हातांनी उभा राहिला आहे. प्रभू येशूने आयुष्याची बहुतेक वर्षे नासरेथच्या सुतारशाळेत काढली. त्याने निवडलेले पहिले शिष्य जाळी धूत होते. संत पौल गमलिएलाच्या पायाशी बसून शिकलेला पंडित. पण करिंथला तो अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्याबरोबर तंबू शिवीत होता आणि शब्बाथाच्या दिवशी सभास्थानात वाद-संवाद करीत होता. आपल्या भाकरीचा भार कोणावर टाकला नाही, हे तो आपल्या पत्रांतून अभिमानाने सांगतो. अक्विला आणि प्रिस्किल्ला हे तर तंबू शिवणारे साधे जोडपे. अपुल्लोसासारख्या वक्तृत्वनिपुण विद्वानाला त्यांनी घरी बोलावून मार्ग अधिक अचूक समजावून दिला, असे प्रेषितांची कृत्ये सांगतात. पती-पत्नी, हातांत सुई-दोरा, आणि मुखी धर्मशास्त्र! या दांपत्याला आज आपण कोणत्या वर्गात बसविले असते?

गुरुविद्यालये तरी कशासाठी जन्मास आली? ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली प्रत्येक धर्मप्रांतात गुरुविद्यालय काढण्याचा आदेश दिला, तेव्हा त्या आदेशात गरिबांच्या मुलांना प्रामुख्याने निवडावे, असे आवर्जून नमूद केले होते. श्रीमंतांच्या मुलांना मज्जाव नव्हता. मात्र त्यांनी आपला खर्च आपण करावा, अशी अट होती. म्हणजे ज्या संस्थेकडे बोट दाखवून आपण आज कामगाराला परत पाठवितो, ती संस्था मुळात गरिबाला शास्त्र मिळावे म्हणूनच निघाली होती. चारशे साठ वर्षांपूर्वीचे ते औदार्य आपण आज केवळ इमारतीच्या रूपाने जपणार आहोत काय?

आपल्या मराठी भूमीचा वारसाही हाच आहे. इंग्लंडहून आलेले जेज्वीट फादर थॉमस स्टीफन्स यांनी तारणाचा संपूर्ण इतिहास सुमारे अकरा हजार ओव्यांत गुंफला आणि १६१६ मध्ये राचोल येथे ‘क्रिस्तपुराण’ छापले. ते त्यांनी विद्वानांच्या संग्रहासाठी लिहिले नाही. साष्टीतील नवख्रिस्ती शेतकऱ्यांना आणि कारागिरांना त्यांच्या कानावर रुळलेल्या छंदात धर्मशास्त्र मिळावे, मंदिरात ते वाचले जावे, यासाठी लिहिले. दिवसभर शेतात राबलेल्या माणसाला पेलेल अशा रूपात आणलेले ते धर्मशास्त्रच होते. त्यामुळे त्याचा दर्जा खालावला, असे म्हणण्याचे धाडस आज कोणी करील काय?

पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नगर जिल्ह्यात जेज्वीट मिशनचे कार्य सुरू झाले. केंदळ, वळण, संगमनेर ही नावे आपल्या आजोबा-पणजोबांच्या बोलण्यात असत. केंदळ येथूनच १९०३ मध्ये फादर हेन्री डोरिंग यांनी ‘निरोप्या’ मासिक सुरू केले. घोड्यावरून फिरणारे ते परदेशी फादर एका गावी महिन्या-दोन महिन्यांनी पोहोचत. मधल्या काळात धर्म कोणी सांभाळला? मास्तरांनी! दिवसा मुलांना बाराखडी, संध्याकाळी मोठ्यांना प्रार्थना, रविवारी प्रवचन, आजाऱ्यापाशी रोझरी, मयतापाशी स्तोत्र. मास्तर त्याच वाड्या-वस्त्यांतला, त्याच समाजातला माणूस. ज्या समाजाला गावाने शिवेबाहेर ठेवले होते आणि ज्याच्या कानांवर शास्त्राचे शब्द पडू नयेत अशी शतकानुशतकांची व्यवस्था होती, त्या समाजातला माणूस हातात पवित्र पुस्तक घेऊन उभा राहिला. महाराष्ट्रातील ख्रिस्तसभेने केलेली ही खरी क्रांती होती. पुढे शाळा अनुदानावर आल्या, मास्तर शिक्षक झाले, दुष्काळांनी आणि कारखान्यांनी गावे रिकामी केली, आणि मास्तरांची ती परंपरा क्षीण होत गेली. तिच्या जागी आपण काय उभे केले? वाघोलीच्या पत्र्याच्या खोलीत राहणारा त्या मास्तरांचा नातू आज धर्मशास्त्रात आपल्या आजोबांहून कमी शिकलेला आहे. हे वाक्य लिहिताना मला दुःख होते. पण ते खोडून काढण्यासारखे मला आजूबाजूला काही दिसत नाही.

“हे सारे ठीक, पण रोमची परवानगी?” असे कोणी विचारील. बंधुभगिनींनो, रोम आपल्या कितीतरी पुढे आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली ‘लुमेन जेंतियुम’ या दस्तऐवजात स्थायी उपसेवकपदाचे, म्हणजे डीकनपदाचे, पुनरुज्जीवन केले आणि ते प्रौढ विवाहित पुरुषांनाही देता येईल असे ठरविले. १९६७ मध्ये पोप सहावे पॉल यांनी त्याचे नियम घालून दिले. डीकन बाप्तिस्मा देऊ शकतो, विवाहाला आशीर्वाद देऊ शकतो, प्रवचन करू शकतो, ख्रिस्तशरीर वाटू शकतो, अंत्यविधी चालवू शकतो. मिस्साबळी, पापनिवेदन आणि रुग्णाभ्यंग हे पुरोहिताचेच. कायदेसंहितेच्या १०३१ व्या नियमाप्रमाणे विवाहित उमेदवाराचे वय किमान पस्तीस असावे आणि त्याच्या पत्नीची संमती असावी. आज जगभरात असे पन्नास हजारांहून अधिक स्थायी डीकन आहेत. त्यांतील फार मोठा वाटा युरोप-अमेरिकेत आहे. आशियाच्या वाट्याला अगदी थोडे. आपल्या शेजारच्या मुंबई महाधर्मप्रांतात विवाहित डीकन सेवा करीत आहेत. मग पुण्याचे, नाशिकचे घोडे कोठे अडते?

याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. स्थायी डीकनांच्या शिक्षणाविषयी १९९८ साली रोमने मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत तीन वर्षांत अध्यापनाचे किमान एक हजार तास असावेत, असे सांगितले आहे. आणि हे तास कधी घ्यावेत? उमेदवारांना संसार आणि नोकरी असते, हे ध्यानात घेऊन संध्याकाळी, आठवड्याच्या अखेरीस, सुट्टीच्या दिवसांत! रोमच्या कार्यालयात बसून हे नियम लिहिणाऱ्यांना कामगाराची संध्याकाळ दिसली. आणि नगर रस्त्यावर राहून आपल्याला ती दिसत नाही, याला काय म्हणावे?

भगिनींविषयीही तेच. पोप फ्रान्सिस यांनी जानेवारी २०२१ मध्ये वाचक आणि वेदीसेवक ही अधिकृत सेवापदे स्त्रियांसाठी खुली केली. त्याच वर्षी मे महिन्यात धर्मशिक्षकपद हे ख्रिस्तसभेचे विधिपूर्वक दिले जाणारे सेवापद म्हणून त्यांनी स्थापन केले, तेही स्त्री-पुरुष दोघांसाठी, आणि त्यासाठी योग्य शिक्षणाची अपेक्षा व्यक्त केली. कायदेसंहितेचा २२९ वा नियम तर धर्मशास्त्राचे ज्ञान मिळविणे हा प्रापंचिकांचा हक्कच मानतो. हक्क! उपकार नव्हे, सवलत नव्हे. जो हक्क फक्त दिवसा मोकळा असणाऱ्याला आणि इंग्रजी येणाऱ्याला बजावता येतो, तो हक्क अर्धाच आहे.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप दर्जाचा: रात्रीच्या वर्गात शिकलेल्यांचे ज्ञान कच्चे राहील. आपण हिशेबच मांडू. आठवड्यातून तीन दिवस दोन-दोन तास, वर्षाचे पंचेचाळीस आठवडे: २७० तास. महिन्यातून एक रविवार सहा तास: ७२ तास. वर्षाचे झाले ३४२, आणि तीन वर्षांचे १,०२६. म्हणजे रोमने मागितलेल्या तासांहून सव्वीस तास अधिकच भरले. दर्जा तासांवर, शिक्षकांवर आणि परीक्षेवर ठरतो. सूर्य वर आहे की मावळला आहे, यावर ठरत नाही.

दुसरा आक्षेप वेळेचा: कामगारांना सवड कोठे आहे? हे म्हणणाऱ्यांनी सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला जावे. रजा काढून, मुलाबाळांसह, उन्हातान्हात येणारी माणसे पाहावीत. रात्री दहापर्यंत चालणारा नाताळच्या गीतांचा सराव पाहावा. वेळ नाही असे नाही. त्यांना सोयीचा वेळ आपण कधी विचारलाच नाही. पाळ्या आठवड्याला बदलतात, ही अडचण खरी आहे. तिला उपाय आहे. एकच पाठ त्याच दिवशी दोनदा घ्यावा, सकाळी दहाला आणि संध्याकाळी सातला. पहिल्या पाळीचा माणूस संध्याकाळी येईल, दुसऱ्या पाळीचा सकाळी. आपल्याला दिवसाकाठी दोन तास अधिक द्यावे लागतील, एवढेच.

तिसरा आक्षेप घडणीचा: सहवासात राहिल्याशिवाय चारित्र्य घडत नाही. पुरोहितपदाच्या तरुणापुरते हे मी मान्य केलेच आहे. परंतु विवाहित माणसाची घडण त्याच्या घरातच होत असते. आजारी आईची सेवा, मुलांची फी, पत्नीशी झालेला अबोला आणि त्यानंतरची क्षमा, रात्रपाळीहून परतल्यावरही रविवारच्या मिस्साला येणे: ही काय लहान साधना आहे? तिला जोड हवी ती प्रार्थनेच्या शिस्तीची आणि शास्त्राच्या अभ्यासाची. म्हणूनच अशा वर्गात पत्नीलाही शेजारी बसवावे. संमतीच्या कागदावर सही करण्यापुरती ती नाही.

चौथा आक्षेप भाषेचा: मराठीत धर्मशास्त्राची साधने नाहीत. ज्या भाषेत चारशे वर्षांपूर्वी क्रिस्तपुराण झाले, ज्या भाषेत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ सिद्ध केले आणि जिच्या अखिल भारतीय साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद २०२० मध्ये उस्मानाबाद येथे एका कॅथलिक धर्मगुरूने, म्हणजे त्यांनीच, भूषविले, त्या भाषेविषयी असे बोलण्यापूर्वी आपण थोडे थांबावे. काही पाठ्यपुस्तके नसतील, तर ती लिहावी लागतील. शिकविणारा मराठीत उभा राहिला की पुस्तके मागोमाग येतात.

पाचवा आक्षेप कोणी मोठ्याने बोलत नाही. तो कुजबुजीत ऐकू येतो. “आपल्या लोकांना हे झेपायचे नाही.” या वाक्यातील ‘आपल्या लोकांना’ या शब्दांवर बोट ठेवा. कोणते आपले लोक? ज्यांच्या पणजोबांना गावाच्या पाठशाळेत पाऊल टाकता येत नव्हते, तेच ना? मग जी भिंत पाडण्यासाठी मिशन आले, तीच भिंत आपण मंदिराच्या आवारात पुन्हा चढवीत आहोत. संत जॉन व्हियानी लॅटिनमध्ये मागे पडत होते. तरी १८१५ मध्ये त्यांना पुरोहितदीक्षा मिळाली आणि आज ते जगभरातील धर्मग्रामांच्या धर्मगुरूंचे आश्रयदाते संत आहेत. कोणाला काय झेपते, याचा निवाडा शिकविण्यापूर्वी करणे हा शिक्षणाचाही अपमान आहे आणि पवित्र आत्म्याचाही.

सहावा आक्षेप आम्हा धर्मगुरूंच्या मनातला आहे आणि त्याविषयी मौन पाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. प्रापंचिक शिकला तर आमचा मान कमी होईल, अशी ही भीती. माझा अनुभव याच्या अगदी उलट सांगतो. प्रवचनानंतर कोणीच काही विचारत नाही, तेव्हा धर्मगुरू एकाकी होतो. विचारणारे श्रोते असले की त्यालाही रात्री पुस्तक उघडावे लागते. आणि मान जर श्रोत्यांच्या अज्ञानावरच उभा असेल, तर तो जितक्या लवकर ढासळेल तितके बरे.

आपले शेजारी काय करीत आहेत, तेही पाहू. याच पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली. आळंदीला विष्णुबुवा जोग यांनी १९१७ मध्ये वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली. माधुकरी मागून शिकलेली खेड्यापाड्यांतील मुले तेथून कीर्तनकार होऊन बाहेर पडली. पुण्यात ज्ञान प्रबोधिनी नोकरी-संसार सांभाळणाऱ्या स्त्री-पुरुषांना पौरोहित्याचे शिक्षण देते आणि त्यात जातीची अट नाही. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने १९८९ पासून कामकरी माणसाच्या घरात पदवी पोहोचविली आहे. आपल्या प्रॉटेस्टंट बंधूंनी तर हा प्रश्न साठ वर्षांपूर्वीच हाती घेतला. १९६३ मध्ये ग्वाटेमालातील एका गुरुविद्यालयाच्या ध्यानात आले की, मंडळीचे खरे पुढारी शेतमळा आणि संसार सोडून राजधानीत शिकायला येऊ शकत नाहीत. तेव्हा शिक्षकच आठवड्याला त्यांच्या गावी जाऊ लागले. ती पद्धत पुढे भारतातही रुजली. सेरामपूरच्या धर्मशिक्षण परंपरेतही बाह्य विद्यार्थी म्हणून घरी राहून धर्मशास्त्र शिकण्याची सोय आहे.

आणि दूर कशाला जा? खुद्द वाघोलीचेच उदाहरण घ्या. दगडखाणींवरच्या मजुरांची मुले शाळेत जात नव्हती. आईबाप खडी फोडीत, आणि खाण बदलली की बिऱ्हाड हलवीत. १९९० च्या दशकात ‘संतुलन’ या संस्थेने त्या मुलांना शाळेत येण्याचा उपदेश केला नाही. तिने शाळाच खाणीवर नेली. पाषाण शाळा म्हणून त्या ओळखल्या गेल्या. मूल शाळेत येऊ शकत नसेल, तर शाळेने मुलाकडे जावे, इतका हा साधा न्याय आहे. जो देव मनुष्य होऊन स्वतः मनुष्याकडे चालत आला, त्याच्या ख्रिस्तसभेला हा न्याय नवा वाटावा काय?

या हलगर्जीपणाची किंमत आपण मोजीत आहोत, याचे भान असावे. वाघोलीसारख्या वाढत्या वस्त्यांत रात्री प्रार्थनासभा भरतात. तेथे वचन सांगणारा माणूस दिवसा रिक्षा चालवितो किंवा रंगकाम करतो. आपली कुटुंबे हळूहळू तिकडे वळतात आणि आपण त्यांना दोष देतो. सिद्धान्ताच्या दृष्टीने तेथे कितीतरी उणे असेल. पण त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच वेळेला, त्यांच्याच सारखा दमलेला माणूस त्यांच्यापुढे वचन उघडून बसतो. जे त्यांना आपल्याकडे मिळत नाही, ते त्यांनी दुसरीकडे शोधले, तर चूक कोणाची? फ्रान्समध्ये ख्रिस्तसभेने १९४० च्या दशकात धर्मगुरूंना कामगार बनवून कारखान्यांत पाठविले. रोमने तो प्रयोग १९५४ मध्ये थांबविला आणि १९६५ मध्ये त्याला पुन्हा मान्यता दिली. धर्मगुरूला कामगार बनविणे किती कठीण, हे त्या इतिहासाने दाखविले आहे. त्यापेक्षा कामगाराच्या हाती शास्त्र देणे कितीतरी सोपे आहे. तो तर कारखान्यात आधीच उभा आहे.

म्हणून माझी मागणी नेमकी आहे. नगर रस्त्यावर, रामवाडी ते वाघोली या टापूत, मराठी धर्मशास्त्राची एक रात्रशाळा निघावी. जागेसाठी नवी इमारत नको. संध्याकाळी आपल्या शाळांचे वर्ग रिकामेच असतात. शिक्षकांचा तुटवडा नाही. या रस्त्यावर धर्मशास्त्राचे प्राध्यापक आणि शेवटच्या वर्षांचे विद्यार्थी जितके आहेत, तितके महाराष्ट्रात दुसरीकडे क्वचितच असतील. ज्यांना मराठी येत नाही, त्यांच्याशेजारी मराठी धर्मगुरू उभा राहील. फी महिन्याला एका दिवसाच्या मजुरीहून अधिक नसावी, आणि ज्याच्याकडे तीही नसेल त्याला धर्मग्रामाने द्यावी. पहिल्या वर्षी पवित्र शास्त्र, दुसऱ्या वर्षी श्रद्धेचे सिद्धान्त आणि साक्रामेंते, तिसऱ्या वर्षी नीतिशास्त्र, सामाजिक शिकवण आणि उपदेशाची कला. वर्षाअखेरीस परीक्षा व्हावी. ती तोंडीही देता यावी, कारण लेखणी जड झालेल्या हातांची बुद्धी जड झालेली नसते. तीन वर्षांनंतर स्त्री-पुरुषांना धर्मशिक्षक, वाचक आणि वेदीसेवक ही सेवापदे विधिपूर्वक मिळावीत. आणि ज्या विवाहित पुरुषांच्या ठायी पाचारणाची चिन्हे दिसतील, त्यांचा डीकनपदासाठी विचार व्हावा. त्यासाठी आपल्या बिशप महोदयांनी मुंबईच्या बिशप महोदयांचा अनुभव विचारावा. हे काम अशक्य कोटीतले नाही.

धर्मग्रामातील कुटुंबांनाही माझे दोन शब्द सांगणे आहे. मागितल्याशिवाय हे होणार नाही. पॅरिश कौन्सिलच्या पुढच्या बैठकीत मंडपाचा आणि ध्वनिक्षेपकाचा खर्च मंजूर करण्यापूर्वी हा विषय मांडा. आपल्या वस्तीतील ज्या तीन-चार माणसांकडे दुःखाच्या प्रसंगी लोक आपोआप वळतात, त्यांची नावे फादरांना लिहून द्या. त्यांची कोणती पाळी असते, तेही लिहा. फादर म्हणतील, पाहू. दुसऱ्या महिन्यात पुन्हा विचारा. शुभवर्तमानातील त्या विधवेने न्यायाधीशाला असेच विचारले होते.

मे २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोप महोदयांनी चौदावे लिओ हे नाव धारण केले, ते ‘रेरुम नोवारुम’ लिहिणाऱ्या तेराव्या लिओंचे स्मरण ठेवूनच. त्या नावाचा मान आपल्याला राखायचा असेल, तर कामगाराविषयी आणखी एक परिसंवाद भरवून तो राखला जाणार नाही. तेराव्या लिओंनी कामगाराला हक्क सांगितला आणि भारताच्या पुत्रांना गुरुविद्यालय दिले. वाघोलीच्या यंत्रावर उभा असलेला माणूस हा कामगारही आहे आणि भारताचा पुत्रही आहे. दोन्ही देण्यांवर त्याचा अधिकार आहे. तो पाळी संपवून, डबा हातात घेऊन येईल. वर्गात दिवा लावून ठेवणे आपल्या हाती आहे.